मुद्देमाल क्रमांक एक : जलपर्णी, नग बेचाळीस

कोणत्याही तलावाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे परवानगी न घेता त्याची काळजी करणारा माणूस. हे दुखणं जुनं आहे, पण त्यावरचा कायदेशीर इलाज आत्ता कुठे निघाला. तो इलाज ज्या कार्यालयातून राबवला जातो तिथे मी वरिष्ठ लिपिक आहे, त्यामुळे हे चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो. (पोहोचत नसल्यास तसं लेखी कळवावं. तोंडी हरकत घेतली जाणार नाही.)

माझं नाव गोवर्धन चऱ्हाटे. मूळ गाव पातूर, नोकरी अमरावतीला, कार्यालयाचं नाव जलाशय संरक्षण कक्ष. आम्ही वऱ्हाडी माणसं कागदावर पुण्याची मराठी लिहितो आणि कागद फाइलला टाचला की आपली बोलतो. एका दिवसात दोन दोन भाषा चालवायच्या म्हणजे जीव थकून जातो, पण त्याचा भत्ता काही मिळत नाही. असो.

आमचा सगळा कारभार ज्या पुस्तकावर चालतो त्याचं नाव 'परकीय जलप्रजाती (प्रतिबंध, नियंत्रण व आनुषंगिक बाबी) नियम'. एकूण नियम एकसष्ट. पैकी प्रतिबंधाचे दोन, नियंत्रणाचे तीन आणि आनुषंगिक बाबींचे छप्पन्न. बाहेरदेशाहून आलेल्या वनस्पती आणि मासे आपले गोड्या पाण्याचे तलाव गिळून राहिले आहेत, हे ज्या कोणाच्या लक्षात आलं त्या माणसाला माझा नमस्कार. काम खरोखर मोलाचं आहे. थट्टा करत नाही.

यातला नियम सात म्हणजे तर सोनं. तो म्हणतो की कोणतीही व्यक्ती परकीय जलप्रजाती बाळगणार नाही, वाढवणार नाही, विकणार नाही, उपटणार नाही, हाताळणार नाही, वाहून नेणार नाही वा सोडणार नाही. एका वाक्यात सात क्रियापदं! लिहिणाऱ्याने एक फट ठेवली नाही. मात्र पाण्यावर नुसतं तरंगत पडून राहणं या सातांत कुठेच बसत नाही. त्यामुळे खुद्द जलपर्णीने आजतागायत एकही गुन्हा केलेला नाही, हे कक्षाला वारंवार मान्य करावं लागलं आहे.

आता उमरदरीच्या तलावाकडे येऊ. चांदूर बाजारहून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर हा तलाव आहे. तीन गावांचं पाणी त्यावर. दोन वर्षांमागे त्यात जलपर्णी दिसली. ती कोणी आणली हे समजू शकलं नाही. पाण्यावर हिरवीगार पानं, मधून जांभळ्या फुलांचा तुरा, दिसायला फार देखणी. कोणाच्या तरी अंगणातल्या घमेल्यात असेल, कंटाळा आला असेल, आणि फेकायचं जिवावर आलं म्हणून देवाचं नाव घेऊन तलावात सोडली असेल. (असं करणारा माणूस सहसा शिकलेला असतो, असं आमच्या अहवालाच्या परिशिष्टात नमूद आहे.)

कक्षाने तातडीने पाहण्या सुरू केल्या. त्यांचा गोषवारा असा. पहिल्या पाहणीत जलपर्णी काठाला दोन हात. दुसरीत चार आणे तलाव. मग साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी पहिली पाहणी पुन्हा पहिल्यापासून केली, तेव्हा आठ आणे. चौथीत बारा आणे. त्या दिवशी आमची होडी मध्येच अडकली, शिपाई शालिकराम याला उतरून ढकलावी लागली आणि त्यात त्याचा जलपर्णीला पाय लागला, म्हणून हाताळणीबद्दल त्याचा खुलासा मागवला. पाचव्या पाहणीत पाणीच दिसलं नाही. तेव्हा अहवालात 'सदर ठिकाणी तलाव आढळून आला नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं. शेरा : जलपर्णीची प्रकृती उत्तम.

मधल्या काळात आम्ही नियमाप्रमाणे जाहीर नोटीसही लावली होती. जलपर्णी काढण्यास कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावं. हरकत एकच आली. अकोल्याच्या एका गृहस्थांनी हे जांभळं फूल कोणत्या नर्सरीत मिळेल अशी विचारणा केली होती. ती विचारणा हरकतीत मोडते की नाही यावर मार्गदर्शन मागवलं आहे. ते येईपर्यंत नोटिशीची मुदत वाढवणं आलंच.

तर अशी सर्व कामं सुरळीत चालू असताना सत्यभामाबाई अकर्ते आमच्या कार्यालयात आल्या.

सत्यभामाबाई म्हणजे उमरदरीच्या. वय पन्नासच्या पुढं, नवरा शेषराव. तलावाच्या अंगाला त्यांचं दीड एकर वावर आहे, त्यात त्या दर वर्षी दसऱ्याचा झेंडू लावतात. झेंडूचं असं आहे की तो दसऱ्याला आला तर झेंडू, दुसऱ्या दिवशी आला तर गुरांचा चारा, आणि गुरंही तो खात नाहीत. भादव्यात पावसाने दडी मारली होती. फुलं कळीला आली होती आणि तलावावरच्या मोटारीशिवाय दुसरं पाणी नव्हतं.

बाई सरळ माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. बसा म्हणायचीही वाट पाहिली नाही.

"बाबू, तलावात कुंभी माजली. मोटारीच्या जाळीत जाऊन बसते, पाणी वढू देत नाई. दसऱ्याले वीस दिवस राह्यले. तुमी काढता का मी काढू?"

(कागदावरच्या जलपर्णीला गावात कुंभी म्हणतात.) पाहा, कसा प्रश्न! अशा प्रश्नाला कार्यालयात उत्तर नसतं. मी शांतपणे म्हटलं, "काकू, असं नसते इचारत. नमुना तीनमधी अर्ज करा."

"अर्ज केला की कुंभी निंगते?"

"अर्ज वर जाते. पुण्याले तज्ज्ञ समिती हाय, तिच्याकडे. वर्षातून दोनदा बसते ते."

"अन् माह्या झेंडूचं?"

मी नमुना तीन उलटासुलटा पाहिला. त्यात झेंडूचा रकाना नव्हता. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ द्या." या तीन शब्दांतच मी धोका ओळखायला हवा होता. पण जेवणाची सुट्टी झाली होती.

चार दिवसांनी आमचे भुयार साहेब सहाव्या पाहणीला गेले. साहेब तरुण आहेत, सज्जन आहेत, कोणावर आवाज चढवत नाहीत. सोबत मी होतो आणि शालिकराम होता. तलाव आढळून आला नसल्याचं आधीच नोंदवलं होतं, तेव्हा फक्त खात्री करायची होती. आणि पाहतो तर काय, मोटारीपाशी बारा हात लांब, आठ हात रुंद लखलखीत पाणी! साहेबांचा चेहराच उतरला. ज्या ठिकाणी तलाव नाही असं आपण सहीनिशी लिहून दिलं, तिथे पाणी आलं कुठून?

चौकशी अंती उलगडा झाला. सत्यभामाबाई आणि शेषराव चार दिवस सकाळपासून दाताळ्याने जलपर्णी ओढून काठावर टाकत होते. काठावर उन्हात पडली की दोन दिवसांत ती वाळून जाई. ढीगच्या ढीग वाळून कोळ झाले होते. मोजायला हात घातला की चुरा होई, म्हणून ते पंचनाम्यात घेता आले नाहीत. त्या सकाळची ताजी काढलेली तेवढी जिवंत होती. शालिकरामने तीनदा मोजली. नग बेचाळीस.

काठावर जिवंत जलपर्णी म्हणजे बाळगणं. पाण्यातून काठावर म्हणजे वाहून नेणं. उपटणं आणि हाताळणं तर डोळ्यांसमोर. सातपैकी चार क्रियापदं एका बाईने एका सकाळी केली होती. जिल्ह्यातला हा पहिलाच गुन्हा असल्याने साहेबांनी पंचनामा स्वतः सांगितला आणि मी लिहिला. माझं अक्षर त्या दिवशी फार छान आलं होतं.

जप्तीचा तपशील : एक, जलपर्णी, नग बेचाळीस. दोन, बांबूचं दाताळं, एक. तीन, मोटारीच्या पाइपाची लोखंडी जाळी, एक, तिच्यात अडकलेली जलपर्णीची मुळं, लांबी चार बोटं. पंच म्हणून दोन माणसं लागतात. एक वाटेने जाणारा सापडला. दुसरा जवळपास कोणी नव्हता, तेव्हा शेषरावांनाच पंच केलं. शेषराव गरीब माणूस. आपण बायकोविरुद्ध सही करून राहिलो आहोत हे त्यांना सही झाल्यावर समजलं, आणि त्यानंतर दोन दिवस ते देवळात जेवले असं ऐकिवात आहे.

दाताळं नेलं, जलपर्णी नेली, तोवर बाई बाजूला उभ्या होत्या. मी जाळी उचलली तशा त्या पुढे आल्या.

"साहेब, जाळी तेवढी ठेवा. जाळीबिगर मोटार चालत नाई."

भुयार साहेब म्हणाले, "मावशी, तिच्यात मुळं अडकली आहेत."

"मी झटकून देतो ना. आत्ता देतो."

साहेब दचकले. मी समजावून सांगितलं की झटकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं होतं, त्याचं कलम अजून मोठं आहे. बाई म्हणाल्या, "अजी बाबू, चार बोटं मुळं हायेत. दीड एकर वावर हाय माहं." मी म्हटलं, हे सगळं तारखेला सांगा. तारीख दसऱ्यानंतरची होती. मी त्यांची जाळी कागदात गुंडाळली, वर लाख लावली आणि गाडीत ठेवली.

इथून पुढे प्रकरणाला खरी शिस्त आली.

जप्त मुद्देमाल जप्तीच्या वेळी ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत न्यायालयात हजर करावा लागतो. आमचा मुद्देमाल जिवंत स्थितीत होता. म्हणजे तो तारखेपर्यंत जिवंत ठेवणं कक्षाची जबाबदारी. कार्यालयामागे सिमेंटची टाकी आहे, ती धुऊन पुसून मुद्देमाल तिच्यात सोडला. रोज सकाळी ताजं पाणी, दुपारी ऊन लागू नये म्हणून वरून हिरवी जाळी, आणि देखरेखीला शालिकराम. नळाला पाणी कमी पडलं तेव्हा टँकरची मागणी केली. ती एका दिवसात मंजूर झाली. मंजुरीच्या पत्रात 'न्यायप्रविष्ट वनस्पती' असा शब्द होता. माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत टँकर इतका लवकर आलेला मी पाहिला नाही.

शालिकराम मात्र पहिल्यापासून तिरका माणूस. टाकीत पाणी टाकता टाकता म्हणे, "बाबू, ते बाई तलावातून काढून राह्यली होती तं गुन्हा. मी टाकीत वाढवून राह्यलो तं ड्युटी."

मी त्याला सांगितलं, असं बोलायचं नाही, टाकीला कान असतात.

तिकडे सत्यभामाबाईंनी पाइपाच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधून पाहिलं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी मोटारीने धूर सोडला. मग त्यांनी डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन पाणी घालायला सुरुवात केली. तलावापासून वावराच्या पहिल्या तासापर्यंत, म्हणजे झाडांच्या पहिल्या ओळीपर्यंत, तीस पावलं, शेवटच्या तासापर्यंत दोनशे. तास चाळीस होते. एका गुंडात पाच झाडं भिजत. ही आकडेवारी मी पुढे स्वतः घेतली. तेव्हा माझ्या असंही लक्षात आलं की आमच्या टाकीला रोज जेवढं पाणी लागे तेवढ्यात बाईंचे दोन तास आरामात निघाले असते. पण ही दोन वेगवेगळ्या फाइलींतली माहिती आहे. ती एकत्र करण्याची पद्धत नाही.

समन्स द्यायला मी नवमीच्या दिवशी उमरदरीला गेलो होतो. खरं सांगतो, वावराकडे पाहवलं नाही. काठाजवळचे पाच तास पिवळेधमक फुललेले आणि मागचे पस्तीस तास उभेच्या उभे करपलेले. कळ्या झाडावरच काळ्या पडल्या होत्या. शेषराव वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसले होते, त्यांनी मला पाहून मान फिरवली. बाई मात्र फुलं तोडत होत्या. समन्सवर अंगठा नाही, सही केली. सावकाश, एकेक अक्षर वाचून. मग टोपलीतली ओंजळभर फुलं कागदात बांधून माझ्या हातात दिली.

"घ्या बाबू. उद्या दसरा हाय. हापिसाच्या दाराले लावा."

 मी नको म्हणू शकलो नाही. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि बस येईपर्यंत वाटत राहिलं. त्या फुलांचं तोरण आम्ही कक्षाच्या दाराला लावलं. जलपर्णीच्या टाकीलाही एक फूल वाहिलं, कारण त्या दिवशी ज्याच्यावर आपलं काम चालतं त्याची पूजा करतात. (आरोपीकडून भेटवस्तू स्वीकारल्याची नोंद वेगळी घेतलेली आहे.)

इकडे मुद्देमाल वाढत होता. जलपर्णी पंधरा दिवसांत दुप्पट होते. बेचाळीसच्या चौऱ्याऐंशी झाल्या, चौऱ्याऐंशीच्या एकशे अडुसष्ट. टाकी भरली, मग चार कूलर भरले. आवारात एक कारंजं आहे, उद्घाटनानंतर ते उडालेलं नाही, ते भरलं. दोन महिन्यांत आकडा सहाशे बहात्तरवर गेला. आमच्या कक्षाची एवढी प्रगती दुसऱ्या कोणत्याही बाबतीत झालेली नाही. साहेबांना भेटायला येणारे लोक म्हणत, "वा, काय सुरेख ऑफिस ठेवलं!"

पण माझी झोप उडाली. नोंदवहीत नग बेचाळीस आणि प्रत्यक्षात सहाशे बहात्तर. वरच्या सहाशे तीसांचं करायचं काय? ठेवाव्यात तर आपणच बाळगतो आणि वाढवतो. उपटाव्यात तर समितीची परवानगी. तलावात सोडाव्यात तर सातवं क्रियापद. साहेबांनी सरकारी वकिलांचं मत मागवलं. वकील हुशार. त्यांनी एका जुन्या प्रकरणाचा दाखला दिला. एक म्हैस जप्त झाली होती, तिला कोंडवाड्यात वगार झाली, तेव्हा वगारही मुद्देमालातच धरली गेली. त्याच न्यायाने मुद्देमालाची लेकरंबाळं मुद्देमालच. मात्र मुद्देमाल ठेवायला जागा नसेल तर तो विश्वासू माणसाच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर देता येतो. म्हणजे त्याने कागदावर सही करायची की जपून ठेवीन आणि मागाल तेव्हा जिवंत हजर करीन.

आता सहाशे तीस विश्वासू माणसं आणायची कुठून? इथे भुयार साहेबांचं डोकं चाललं. त्या वर्षी परिपत्रक आलं होतं की शासकीय कार्यक्रमात पाहुण्यांचं स्वागत पुष्पगुच्छाने न करता रोपटं देऊन करावं. आणि परकीय वनस्पतींपासून तलाव वाचवण्याचा पंधरवडा साजरा करायचाच होता. एक कार्यक्रम अमरावतीला, एक अकोल्याला. निमंत्रणं गेली ती नुसती मान्यवरांना : डॉक्टर, प्राध्यापक, वकील, बांधकामवाले, निसर्गप्रेमी, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे संघ. मातीची सुबक कुंडी, आत पाणी, पाण्यावर हिरवी पानं, मधून जांभळा तुरा. आणि दाराशी सह्यांचा कागद, त्याच्या बाजूला नाश्त्याची कुपनं.

सुपूर्दनाम्याचा सगळा मजकूर त्या कागदाच्या डोक्यावर स्वच्छ टाइप केलेला होता. 'खाली सही करणार यांना जप्त जलपर्णी, नग एक, ताब्यात मिळाली. जिवंत सांभाळीन. मागणी होताच हजर करीन. कसूर केल्यास नियम सातप्रमाणे आरोपी होण्यास पात्र राहीन.' सहाशे तीस सह्या झाल्या. एकानेही वाचलं नाही. कित्येकांनी तर कचोरी कोणत्या बाजूला आहे असं विचारत सही केली. अकोल्याच्या कार्यक्रमात काही मान्यवर रांगेत दोनदा आले, त्यांच्या नावावर दोन नग आहेत.

वाचणारी फक्त एक निघाली.

झालं असं की पंधरवड्याच्या नमुन्यात एक रकाना होता, 'जलपर्णी निर्मूलनात प्रत्यक्ष सहभाग घेतलेल्या नागरिकाचं नाव व सत्कार'. पुरावा जोडणं बंधनकारक. साऱ्या जिल्ह्यात जलपर्णीला प्रत्यक्ष हात लावल्याचा सही-शिक्क्याचा पुरावा एकाच व्यक्तीचा होता आणि तो आमच्याच पंचनाम्यात होता. तेव्हा त्याच फाइलीत पान चौदावर ज्या आरोपी आहेत त्या सत्यभामाबाई पान एकतीसवर सत्कारमूर्ती झाल्या. बाई आल्या. धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, मागे शेषराव. दाराशी शालिकरामने कागद पुढे केला.

बाईंनी बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मागे रांग खोळंबली. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि पेन शालिकरामच्या खिशात परत खोचला.

"मी नाई करत सही."

"काहून काकू? कुपन भेटते," शालिकराम म्हणाला.

"राह्यलं तुहं कुपन."

मंचावर साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, ते त्यांनी घेतलं. मग साहेबांनी कुंडी पुढे केली. बाईंनी दोन्ही हात मागे घेतले. फोटोवाला थांबला. मी मंचाच्या पायरीवर होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, मांगच्या टायमाले माह्या हातात होती तं गुन्हा झाला. आता तुमीच देऊन राह्यले?"

साहेब हसू तसंच ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मावशी, हे सत्काराचं रोपटं आहे."

"कुंभी हाय ते. मले का ओळखू नाई येत?"

"फोटोपुरतं धरा हो."

"तुमीच धरा. उन्हात पालथी घालून ठेवा, दोन दिवसात मरते, समिती नाई लागत. अन् मले माही जाळी द्या. झेंडू गेला तं गेला, हरभरा पेराले पाणी पाहिजे आता."

खालच्या लोकांना वाटलं बाई आभार मानून राहिल्या आहेत. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि मांडीवरची कुंडी जरा जवळ ओढली. कार्यवृत्तात मी लिहिलं : सत्कारमूर्तींनी उन्हाबाबत सूचना मांडली, ती तज्ज्ञ समितीकडे पाठवण्याचं ठरलं. बाई शाल आणि नारळ घेऊन एसटीने परत गेल्या. जाळी तेव्हाही सीलबंदच होती.

परवा तारीख झाली. सत्यभामाबाईंनी काही बचाव केला नाही. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ज्याच्याजवळ कुंभी हाय त्याले इचारा. माह्याजवळ एक काडी नाई." न्यायालयाने यात तथ्य असल्याचं म्हटलं. आदेश असा झाला की पुढच्या तारखेला मुद्देमाल संपूर्ण हजर करावा, लेकराबाळांसह, म्हणजे निकाल देता येईल. आणि तोवर मुद्देमालातली कोणतीही वस्तू, जाळीसुद्धा, सोडता येणार नाही. बेचाळीस कार्यालयात आहेत. सहाशे तीस तुमच्याकडे आहेत.

हो, तुमच्याकडेच. असे दचकू नका. सह्यांचे दोन्ही कागद माझ्यापुढे आहेत आणि तुमची सही मला नीट लागते. तुम्ही बाल्कनीत ठेवली होती ना ती कुंडी? फोटोही टाकला होता, खाली 'एक छोटंसं पाऊल निसर्गासाठी' असं लिहिलं होतं. कक्षाने त्याची प्रत काढून ठेवली आहे. पुढची तारीख येत्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता. येताना कुंडी आणावी. घरातून रस्त्यावर आणणं म्हणजे वाहून नेणं होतं, त्यासाठी नमुना पाचमध्ये परवाना लागतो, तो मिळायला तीन महिने लागतात, त्याची सोय आपली आपण पाहावी.

आणि समजा कुंडी घरात नसेल. समजा तिच्यात डास झाले असतील, घरचे कुरकुरले असतील, जांभळ्या फुलांना कचऱ्यात टाकवलं नसेल, आणि एखाद्या रविवारी फिरायला जाताना गावाबाहेरच्या तलावापाशी गाडी थांबवून तुम्ही ती हळूच पाण्यात सोडून हात जोडले असतील. तर मग तुम्ही येऊ नका. आम्हीच येतो. साहेब येतील, मी येईन, शालिकराम मोजायला येईल. पंच म्हणून सत्यभामाबाईंना आणायचं ठरलं आहे. जिल्ह्यात जलपर्णी त्यांच्याइतकी कोणी ओळखत नाही, आणि सध्या त्यांना वेळही आहे. हरभरा त्यांनी पेरला नाही.